फाट्यावरची चिठ्ठी: बोरीकाठच्या एका गावातले मुलींसाठीचे तीन कार्यक्रम

जळगाव जिल्ह्यात, अमळनेर आणि पारोळ्याच्या दरम्यान, बोरी नदीच्या अंगाचं एक गाव. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. कापूस, मका, थोडी ज्वारी-बाजरी. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून पाच किलोमीटरवरच्या मोठ्या गावातलं हायस्कूल. एसटी गावात येत नाही, फाट्यावर थांबते. घरात अहिराणी, शाळेत मराठी. कुणाची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही, आणि या पट्ट्यातल्या सारख्याच गावांमध्ये घडणाऱ्या गोष्टी इथे एकाच गावात बांधल्या आहेत. पद्धती, चुका आणि कायद्याच्या बाबी मात्र जशाच्या तशा आहेत.

या गावात सात महिन्यांत मुलींवरची हिंसा आणि भेदभाव या विषयावर तीन कार्यक्रम ठरले: ऑक्टोबरात, जानेवारीत आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. पहिल्याने नुकसान केलं, दुसऱ्याने काम केलं, तिसरा होऊच शकला नाही. कार्यक्रम कसा घ्यावा यापेक्षा कार्यक्रमात मुलगी बोलली की पुढे काय करायचं, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिला कार्यक्रम

११ ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय बालिका दिन. सकाळी साडेनऊला पाचवी ते सातवीच्या मुली आणि हायस्कूलला जाणाऱ्या गावातल्या मुली रांगेत उभ्या केल्या. प्रभातफेरी, घोषणा, मग मारुतीच्या पारासमोर मंडप. पाहुणे पावणेबाराला आले. शाल-श्रीफळ, सहा भाषणं, एक पथनाट्य, सामूहिक शपथ. समारोप दीडला. फोटो त्याच संध्याकाळी तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर गेले आणि कागदावर कार्यक्रम यशस्वी झाला.

मंडपात बाया किती होत्या? अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशाताई आणि बचतगटाच्या दहा-बारा जणी. बाकीच्या कापूस वेचायला गेलेल्या. वेचणी किलोवर असते. सकाळचा वेळ म्हणजे सरळ मजुरी. ऑक्टोबरात दुपारच्या आत खान्देशातल्या कोरडवाहू गावात बायांचा कार्यक्रम ठेवला, तर जिच्यासाठी ठेवला ती येणार नाही, हे कॅलेंडर बघूनच कळायला हवं. पुरुष ओट्यांवर बसून लांबून ऐकत होते.

भाषणांतल्या चुका वेगळ्याच. एका वक्त्याने जळगाव जिल्ह्याचा २०११ च्या जनगणनेतला आकडा सांगितला: शून्य ते सहा वयोगटात १००० मुलांमागे ८४२ मुली. आकडा बरोबर आहे. २००१ मध्ये तो ८८० होता, आणि त्याच २०११ ला राज्याचा ८९४, धुळ्याचा ८९८, नंदुरबारचा ९४४ होता. पण पुढे ते म्हणाले, “म्हणजे हजारातल्या १५८ मुली मारल्या.” हे चूक. निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात. कुणी हात घातला नाही तरी १००० मुलांमागे साधारण ९४० ते ९५० मुली जन्माला येतात. तूट मोजायची ती तिथून. शंभराच्या घरातली तूटही भयंकरच आहे, ती वाढवून सांगायची गरज नाही. गावात गणिताचा एखादा मास्तर असतोच. त्याने एक चूक पकडली की बाकीचं सगळं भाषण पडतं.

गावाच्या पातळीवर तर हा आकडा वापरूच नये. जळगाव जिल्ह्यात गुड्डा-गुड्डी फलकांवर मुलगे-मुलींच्या जन्मांची नोंद लोकांसमोर ठेवण्याची पद्धत गाजली. नोंद समोर असणं चांगलंच. पण वर्षाला तीसच जन्म होणाऱ्या गावात १२ मुली आणि १८ मुलगे निव्वळ योगायोगानेही होतात. तेवढ्यावरून गावाकडे बोट दाखवलं की लोक बिथरतात, आणि पुढच्या वर्षी १७ मुली झाल्या की “आमच्याकडे प्रश्नच नाही” म्हणून मोकळे होतात. पाच वर्षांची अंगणवाडीची नोंद एकत्र करा, किंवा सरळ पूर्ण आरोग्य केंद्राच्या हद्दीचा आकडा घ्या.

पथनाट्यात “गर्भपात म्हणजे खून” अशी ओळ होती. गर्भलिंग तपासणी हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि महाराष्ट्राने तर असा कायदा त्याच्याही आधी, १९८८ मध्ये केला होता. पण गर्भपात १९७१ च्या कायद्याने, अटींच्या आत, कायदेशीर आहे. दोन्हींची गल्लत केली की गरजू बाई सरकारी दवाखान्यात जायला घाबरते आणि गुपचूप औषध देणाऱ्याकडे जाते. नाटक लिहिणाऱ्यांनी ही एक ओळ आशाताईला आधी वाचून दाखवली असती तरी पुरलं असतं.

गावाच्या भिंतीवर अजून एक घोषणा रंगवली होती, मुली वाचवल्या नाहीत तर सुना कुठून आणणार अशा अर्थाची. या भागात तिशी ओलांडलेली बिनलग्नाची पोरं घरोघरी आहेत, म्हणून ती पटकन भिडते. तरीही ती पुसलीच पाहिजे. मुलीचं जगणं कुणाच्या तरी लग्नाच्या सोयीसाठी आहे, हेच ती शिकवते. आणि तरुणांच्या बैठकीत तिचा शेवट ठरलेला: “पोरींच्या अपेक्षाच फार वाढल्या.”

चिठ्ठी

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या अर्ध्या तासात झाली. मुलींना कागद वाटून “मनातलं लिहा, नाव लिहू नका” असं सांगितलं, चिठ्ठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घेतल्या आणि तिथेच माइकवर वाचल्या. बहुतेक साध्या होत्या: शाळेच्या संडासाला कडी नाही, भावाला मोबाइल मला नाही. एक अशी होती: “फाट्यावर एक जण रोज गाडी आडवी लावतो. घरी सांगितलं तर शाळा बंद होईल.”

नाव नव्हतं. पण फाट्यावरून नववीला जाणाऱ्या मुली तीनच. अक्षर वर्गातल्या सगळ्यांना माहीत. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं चिठ्ठी कुणाची. गाडीवाल्याला कुणी काही विचारलं नाही. मुलीचं मात्र तिने लिहिलं तसंच झालं: दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत गेली नाही. “इतलं शिकीसन काय करनं शे तुले?” हा घरातला प्रश्न आधीपासून होता, आता त्याला कारण मिळालं.

इथे थांबून नीट पाहिलं पाहिजे. मुलगी पंधरा वर्षांची. तिचा वारंवार पाठलाग करणं, वाईट हेतूने अडवणं हा मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली लैंगिक छळ आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ हेही पाठलागाचंच. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याचा धोका असल्याचं ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा. म्हणजे चिठ्ठी उघडली त्या क्षणी आयोजकांवर कायद्याची जबाबदारी आली होती. त्यांनी ती माइकवर वाचून टाळ्या घेतल्या. यात दुष्टपणा कुणाचा नव्हता. चिठ्ठीतून खरंच काही बाहेर आलं तर काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं, आणि जाणीवजागृतीच्या बहुतेक कार्यक्रमांची हीच उणीव असते.

दुसरा कार्यक्रम: आधीची तयारी

जानेवारीतला कार्यक्रम अंगणवाडी सेविका, आशाताई, दोन शिक्षिका आणि बचतगटाच्या तिघींनी मिळून बांधला. तयारीला तीन आठवडे लागले.

दिवस बाजाराचा निवडला. जानेवारीत वेचणी सरत आलेली असते, आणि बाजाराच्या दिवशी मजुरीलाही सुट्टी. बाया सकाळी बाजार करून दोनपर्यंत परततात, म्हणून वेळ तीन ते पाच. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. कार्यक्रम तिच्याही चार दिवस आधी ठेवला, म्हणजे जे निघेल ते थेट ठरावात जाईल. ही सांगड महत्त्वाची. नुसत्या कार्यक्रमातली मागणी हवेत राहते. महिला ग्रामसभेची शिफारस इतिवृत्तात येते आणि ग्रामपंचायतीला त्यावर काहीतरी म्हणावंच लागतं.

पाहुणे नाहीत, मंडप नाही, माइक नाही. शाळेच्या तीन खोल्या: एकीत मुली, दुसरीत आया आणि आज्या, तिसरीत आठवीपासूनचे मुलगे. एका गोलात पंचवीसच्या वर कुणी नाही. जास्त झाल्या तर दोन गोल. बाप-काका मंडळींची बैठक त्याच रात्री जेवणं झाल्यावर पारावर, वेगळी. एकत्र बसवलं की सासऱ्यासमोर सून बोलत नाही आणि भावासमोर बहीण. सामान: दोन किलो चुना, तीन रंगांची रांगोळी, अर्धा किलो सरकी, कागद, कुलपाची पत्र्याची पेटी, चहा-मुरमुरे. खर्च अडीच हजारांच्या आत.

आणि मुख्य तयारी एका कागदावर: चाइल्डलाइन १०९८, महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, ठाण्यातल्या महिला अधिकाऱ्याचा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा चालू क्रमांक. चालू म्हणजे आदल्या दिवशी लावून पाहिलेला. भिंतीवरच्या फलकांवर बदली होऊन गेलेल्यांचे नंबर वर्षानुवर्षं तसेच असतात.

सरकीचं घड्याळ

आयांच्या खोलीत फरशीवर चुन्याने दोन मोठे गोल काढले. प्रत्येकासाठी २४ सरक्या मोजून दिल्या, एक सरकी म्हणजे एक तास. पहिल्या गोलात घरातल्या मुलीचा दिवस मांडायचा, दुसऱ्यात तिच्या भावाचा. झोपेच्या सरक्या आधी ठेवायच्या. तिथेच पहिला फरक दिसतो, कारण पाणी सकाळी साडेचारला येतं आणि भरायला मुलगी उठते. मग झाडलोट, भाकरी, धाकट्याला सांभाळणं, शाळा, सुट्टीच्या दिवशी वेचणी. अभ्यासाच्या घरात बहुतेकींची एक सरकी पडली. भावाच्या गोलात मोकळ्या वेळाचा ढीग झाला.

त्यावर लगेच भाषण करायचं नाही. संयोजिकेने एवढंच विचारायचं: आता तुमचा गोल मांडा. एका आजीने सरक्या ठेवल्या, परत उचलल्या, पुन्हा ठेवल्या आणि म्हणाली, “मन्हा वाटाले काहीच नही ऱ्हायनं.” पाच मिनिटं खोलीत कुणी बोललं नाही. तेवढी शांतता राहू द्यावी. घाईने “म्हणजेच भेदभाव” असं शिकवायला गेलं की बाया मान डोलावतात आणि विषय संपतो.

यात हमखास बिघडतं ते असं: सरक्या जास्त दिल्या की मोजणी लांबते आणि तास निघून जातो. पावसाळ्यात हे करू नये, पाण्याची आणि कामाची वेळ बदललेली असते. आणि एखाद्या घराचा गोल सगळ्यांना दाखवून तुलना करायची नाही. सगळ्यांचा मिळून एक गोल मांडायचा.

मुलींच्या खोलीत गावाचा नकाशा रांगोळीने काढला. हिरवा म्हणजे एकटं जाता येतं, पिवळा म्हणजे दोघी मिळून, लाल म्हणजे नको वाटतं. कुठे, कधी, एवढंच विचारायचं; कोण, हे सगळ्यांसमोर विचारायचं नाही. लाल रंग चार ठिकाणी आला: फाटा, फाट्यावरची पानटपरी, नदीकडची वाट आणि रेशन दुकानाच्या मागची बोळ. नकाशा काढल्यावर तासाभरात पुसायचा असं ठरलं होतं, पण चहाच्या गडबडीत राहून गेला. मुलांच्या खोलीतल्या एकाने फोटो काढला आणि रात्री टपरीवाला शाळेच्या शिपायाच्या दारात उभा. म्हणून आता नियम असा आहे: नकाशाची यादी करून घ्यायची, फोन दाराबाहेरच्या टोपलीत, आणि खोली सोडण्याआधी पाणी टाकून फरशी साफ.

मुलांच्या खोलीत काय झालं, हे थोडक्यात. कायद्याची कलमं वाचून दाखवली तेव्हा पोरं हसली. “पुढचा आठवडाभर घरचं पाणी तुम्ही भरायचं” म्हटल्यावर सहा जण तयार झाले, आठवड्याने चार टिकले.

चिठ्ठ्या, पण वेगळ्या

पेटी या वेळीही होती, पण कार्यक्रमात उघडली नाही. सगळ्या मुलींना सारखाच कागद, सारखीच पेन्सिल. आणि प्रत्येकीने काहीतरी टाकायचंच, लिहायचं नसेल तर फूल काढून टाकायचं. असं केल्याने लिहिणारी एकटी उठून दिसत नाही. पेटी त्याच संध्याकाळी शिक्षिका आणि आशाताई या दोघींनीच उघडली. तीन गठ्ठे केले. सोयींचा गठ्ठा ग्रामसभेकडे. घरातली बंधनं, शाळा सोडवणं, लग्नाची बोलणी यांचा दुसरा. तो ग्राम बाल संरक्षण समितीकडे, चिठ्ठ्या न देता फक्त मुद्दे. तिसरा गठ्ठा हिंसेचा.

तिसऱ्या गठ्ठ्यातली मुलगी कोण हे कळलं, किंवा ती स्वतः येऊन बोलली, तर तिच्याशी एकाच बाईने बोलायचं. “कुणाला सांगणार नाही” असं वचन कधीच द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही आणि मोडलं की मुलीचा पुन्हा कुणावर विश्वास बसत नाही. म्हणायचं ते असं: “तू सांगितलंस ते बरं केलंस. मदतीसाठी एक-दोन माणसांना सांगावं लागेल, कुणाला ते तुला आधी सांगेन.” खोदून प्रश्न नाहीत; पुन्हापुन्हा विचारलं की जबाब बिघडतो आणि मुलगी खचते. संशयिताला बोलावून जाब विचारायचा नाही. गावात बसून मिटवायचं तर अजिबातच नाही. अशी मिटवामिटवी म्हणजे मुलीला गप्प करणंच असतं. कायदा मुलीच्या बाजूने बऱ्याच सोयी ठेवतो, पण त्या घरच्यांना माहीत नसतात: जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा, मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, नाव किंवा ओळख पटेल असं काहीही छापायला, पसरवायला बंदी. बापाची भीती बहुधा बदनामीची असते. ही शेवटची गोष्ट त्याला आधी सांगावी.

महिला ग्रामसभेत तीन ठराव झाले: फाट्यावर सौरदिवा, शाळेच्या संडासाला कड्या, आणि सकाळची एसटी गावात आणावी. तिसऱ्यासाठी नुसता ठराव पुरत नाही. आगार व्यवस्थापकाला अर्ज, सोबत ठरावाची नक्कल, कोणत्या इयत्तेत किती मुली जातात याचा हायस्कूलच्या शिक्क्याचा तक्ता, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. तालुक्याला मानव विकास कार्यक्रम (मागास तालुक्यांसाठीची राज्य सरकारची योजना) लागू असेल तर मुलींसाठीची निळी बस मागता येते. कड्या आठवड्यात लागल्या. दिवा मार्चमध्ये. बस परीक्षेच्या तोंडावर सुरू झाली.

आखाजी

खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, सासरवाशीण दोन दिवस मुलगी होऊन राहते. आणि हाच अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त अल्पवयीन लग्नांसाठीही धरला जातो. तिसरा कार्यक्रम झोक्याखालीच ठेवायचा होता: माहेरी आलेल्या लेकींनी धाकट्या मुलींशी बोलायचं, बाकी कुणी नाही. शिकवायला आलेल्या बाईपेक्षा सोळाव्या वर्षी लग्न झालेली शेजारची ताई जे सांगते, ते जास्त खोल जातं.

त्याच्या दहा दिवस आधी मुलींच्या गटातून बातमी आली की फाट्याची चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीचं लग्न ठरलंय. पत्रिका छापलेली नाही, लग्न मामाच्या गावी, दुसऱ्या तालुक्यात. हल्ली हे असंच होतं: आपल्या गावातला ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, बाल विवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हे लोकांना कळलंय, म्हणून मांडव हद्दीबाहेर घालतात, कधी थेट सुरतेला, जिथे निम्म्या गावाचे नातेवाईक आहेत.

वयाचा पुरावा म्हणून घरच्यांनी आधार कार्ड पुढे केलं. ते चालत नाही. शाळेच्या नोंदीतला जन्मतारखेचा उतारा आधी धरतात. उताऱ्यात मुलीला सोळा पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. नेहमीचा रस्ता म्हणजे आई-बापाकडून हमीपत्र घेऊन सोडणं. हमीपत्र घ्यावं, पण त्यावर थांबू नये, कारण त्याच आठवड्यात लग्न दुसरीकडे उरकल्याची उदाहरणं कमी नाहीत. २००६ च्या बाल विवाह प्रतिबंधक कायद्यात कलम १३ प्रमाणे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळतो आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. ही एक ओळ दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना समजावली, की पुढचं सोपं होतं. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड नवऱ्याकडच्यांना, लावून देणाऱ्या भटजींना, ठरवणाऱ्या मध्यस्थालाही लागू होतो. १०९८ वर माहिती गेली, मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेलं, मनाई हुकूम मिळाला. लग्न थांबलं.

पण झोक्याखालचा कार्यक्रम झाला नाही. मुलीचे काका गटाच्या बायांना दोन आठवडे रस्त्यात अडवून बोलत होते, आणि बचतगटातल्या दोघींना घरून बंदी आली. पुढच्या वेळेसाठी शिकायचं ते हे: खबर देणाऱ्यांची नावं कागदावर कुठेच येऊ देऊ नयेत, आणि लग्न थांबवायला गावातल्या बाईने पुढे होऊन जाऊ नये. ते काम अधिकाऱ्याचं आहे, त्याच्याकडूनच करून घ्यावं.

मुलीच्या बाबतीत काम अजून चालू आहे. लग्न मोडलेली मुलगी घरात बसली की टोमण्यांनीच अर्धी होते, म्हणून आशाताई दर पंधरवड्याला लोहाच्या गोळ्यांच्या निमित्ताने जाते. जूनमध्ये तिचं नाव दहावीला घालायचं ठरलंय. वडिलांची अट एकच, बस फाट्यावर नाही, गावात यायला हवी. उन्हाळी सुट्टीत आगाराने फेरी बंद केली होती. ती शाळा उघडण्याच्या आदल्या सोमवारपासून सुरू करावी असा अर्ज, ५३ मुलींच्या यादीसह, १ मेच्या ग्रामसभेच्या ठरावाला जोडून दिला आहे.